चार दिवस गाडी नीट चालायची

कुणाच्या अंगणात गाडीचा सेल्फ नुसताच घरघरला आणि इंजिनानं काही दम धरला नाही, की आजही हातातलं काम टाकून मी जागच्या जागी उभी राहते. घरातल्यांना हसू येतं. एवढ्या म्हाताऱ्या बाईला गाडीच्या आवाजाचं कसलं भ्या, म्हणतात. हसोत बापडे. अख्खा एक हिवाळा मी त्या आवाजाकडे कान लावून काढलाय, आणि सासरच्या घरात माझं राहणं होणार की नाही हे तो आवाज ठरवत होता.

माझं लग्न झालं सत्तरचं दशक सरत आलं होतं तेव्हा. माहेर सानगडीचं, तलावाखालची धानाची शेती. सासर तुमसरला, राइस मिलवाल्यांकडे. घर मिलच्या आवारातच होतं. पुढे गोदाम, मागे चूल, आणि दिवसभर कोंड्याची धूळ. घरात माणसं चारच. सासरे, त्यांना मी मामाजी म्हणायची. सासूबाई, त्या आत्याबाई. आमचे हे, आणि मी. आणि पाचवी ती काळी गाडी. त्याच उन्हाळ्यात मामाजींनी ती नागपूरहून जुनी म्हणून आणली होती. म्हणजे मी आणि गाडी एकाच मोसमात त्या घरात आलो. गाडीचं कौतुक माझ्यापेक्षा जास्त झालं, हे खोटं कशाला सांगू.

पावसाळाभर ती गाडी सुतासारखी चालली. चिखलातून गेली, नाल्यातून गेली, कधी कुरकुरली नाही. मग दसरा आला.

आमच्या सासरी दसऱ्याला मिलच्या साऱ्या मशीनींची पूजा होते. धान कांडायचा हलर, मोटर, काटा, सगळ्यांना हळदकुंकू. त्या घरची एक रीत होती: नवी सून आली की पहिल्या दसऱ्याला तिच्याच हातानं पूजा, आणि कुंकू कुठंही फासायचं नाही, मशीनीचा जीव जिथं असेल तिथंच लावायचं. मोटरीचा जीव कुठं, हलरचा कुठं, हे आत्याबाईंना पाठ होतं. गाडीचा मात्र त्यांना ठाऊक नव्हता. त्यांनी ह्यांना विचारलं. ह्यांना तेव्हा गाडीतलं नवं नवं कळायला लागलं होतं, त्यामुळं सांगायची भारी हौस. ह्यांनी बॉनेट उघडलं आणि एका काळ्या टोपणावर बोट ठेवलं. वर वायरींचे पाच दांडे, वाटीएवढं टोपण.

"हे डिस्ट्रिब्युटर. इथूनच चारी प्लगले करंट जाते. गाडीचा जीव म्हटला तर हाच."

"मंग तिथंच लाव वो," आत्याबाई मला म्हणाल्या.

मी तांब्यातलं पाणी आंब्याच्या पानानं शिंपडलं, हळद कालवून लावली, वर ओल्या कुंकवाची बोटं उमटवली, अक्षता टाकल्या. मनापासून केलं. सासरचा पहिला दसरा, हात राखून कोण करतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरू होईना. सेल्फ मारून मारून बॅटरी बसली. शेवटी ह्यांनी पुढून हँडल घालून फिरवलं, तेव्हा कशीबशी फुरफुरली. सुरू झाली तीही अशी की अंगात हिव भरल्यासारखी नुसती थडथडत होती. पाय काढला की बंद.

असेच चार-सहा दिवस गेले. मग आत्याबाई एक दिवस तांदूळ निवडता निवडता सहज म्हणाल्यासारख्या म्हणाल्या, "चार महिने चांगली चालली गाडी. हिचा हात लागला अन् बसली."

"योगायोग असंन," मामाजी म्हणाले आणि मिलमध्ये निघून गेले. बायकांच्या गोष्टीत पडायचं नाही असा त्यांचा शिरस्ता होता.

पायगुण हा शब्द त्या दिवशी कुणी उच्चारला नाही. दोन दिवसांनी आत्याबाईंनी तो शेजारणीपाशी उच्चारला, आणि मी माजघरात होते, मला ऐकू आला.  आमच्या सानगडीत एक बाई होती, पायगुणावरून परत पाठवलेली. माहेरच्या ओसरीवर बसून म्हातारी झाली. लहानपणी आम्ही पोरी तिच्यासमोरून जायला टाळायचो. मी पण टाळायची. ते मला तेव्हा आठवलं आणि फार लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटली.

आत्याबाई दुष्ट नव्हत्या, हे आधीच सांगून टाकते. त्यांनी उपाय काढला. ज्या हातानं बिघडलं त्याच हातानं सुधारेल, म्हणून रोज सकाळी गाडी काढायच्या आधी मी आंघोळ करून, बॉनेट उघडून, गाडीची पूजा करायची. दसऱ्याला केली तशीच. त्याच जागी.

मी करायला लागले. रोज. डोळे मिटून म्हणायची, सुरू हो, माझ्यासाठी एवढं कर. मग मागे सरून तुळशीपाशी उभी राहायची. हे सेल्फ मारायचे. घर्र घर्र घर्र. आत्याबाई दारात, मी तुळशीपाशी, दोघी एकमेकींकडे न बघता त्या आवाजाकडे कान देऊन. मग हँडल, मग शिव्या, मग धक्का मारायला मिलमधली दोन माणसं. जितकी मी मन लावून पूजा करायची तितकी गाडी अडायची. माझ्याबाबतीत देवानंच कान बंद केले असतील, असं मला वाटायला लागलं.

आणि त्यात ते चार दिवस.

महिन्यातले चार दिवस मी बाहेर बसायची. तेव्हा सगळ्याच घरी तसं होतं. मागच्या खोलीत वेगळं अंथरूण, वेगळं ताट, कशाला हात लावायचा नाही. गाडीची पूजा तर दूरच. माझ्या हातचा उपाय, म्हणून माझ्याऐवजी दुसरं कुणी तो करायचं नाही. तर त्या चार दिवसांत गाडी सुरू व्हायची. पहिल्या दिवशी जरा कुरकुरायची, दुसऱ्या दिवशी दोनदा सेल्फ मारला की उठायची, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी तर जवळपास पावसाळ्यासारखी. पाचव्या दिवशी मी न्हाऊन धुऊन पुन्हा पूजा केली, की मेली.

पहिल्या महिन्यात मी म्हटलं, असेल. दुसऱ्या महिन्यात आत्याबाईंच्याही लक्षात आलं. त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. तिसऱ्या महिन्यात मी मागच्या खोलीत पडून सकाळची वाट पाहिली. मनात म्हटलं, देवा, आज तरी बंद पडू दे, मी इथं लांब आहे तरी बंद पडू दे, म्हणजे माझा संबंध नाही हे दिसेल. गाडी एका दमात सुरू झाली. मी पांघरूण तोंडात कोंबून रडले. त्या दिवसानंतर मला कुणी सांगायची गरज राहिली नाही.

गाडी दाखवली नव्हती असं नाही. तुमसरातल्या एका मिस्त्रीनं प्लग बदलले, कार्बोरेटर खोलून जेट फुंकले, टाकीतलं पेट्रोल काढून त्यात पाणी आहे का पाहिलं. बॅटरी नवी टाकली. डिस्ट्रिब्युटरपाशी आल्यावर त्यानं कुंकू बघितलं, हात कपाळाला लावला, आणि टोपण हळूच उचलून आतले पॉइंट घासून टोपण होतं तसं परत बसवलं. देवाचं म्हणून पुसलं नाही. चांगला श्रद्धाळू माणूस, त्याला बोल लावायचा तरी कसा.

पौषात भंडाऱ्याला एका नात्यातल्या बारशाला निघालो. हे गाडी चालवत होते, मागे आत्याबाई आणि मी. तुमसर रोडचं रेल्वेचं फाटक बंद. मालगाडी जायची होती. गाडी उभ्या उभ्या अशी थरथरत होती की माझ्या बांगड्या वाजत होत्या. ह्यांनी पाय रेसवरून काढलाच नाही. मालगाडी गेली, फाटक उघडलं, आणि आमच्या पुढं एक बैलबंडी होती. बंडी रुळावर जरा अडली. ह्यांना पाय काढावा लागला. गाडीनं एक हिसका दिला, पुढची चाकं रुळात, आणि बंद.

घर्र घर्र घर्र.

फाटकवाला हिरवी झेंडी टाकून धावत आला. "उतरा! ढकला! दुसरी येऊन राहिली तिकडून!"

मी दार उघडून उतरले. आत्याबाईंच्या बाजूचं दार उघडेना. ते नेहमीच अडायचं. बाहेरून कुणीतरी ओढावं लागायचं, पण तेव्हा कुणाला सुचतंय. त्या आतून काचेवर हात मारत होत्या. मी डिकीला खांदा लावला, दोन सायकलवाले आले, बंडीवाला आला. चिखलात रुतल्यासारखी ती गाडी हलायचीच नाही. माझा पदर कुठं, चपला कुठं. मग एकदम हलली आणि पलीकडच्या उतारावर गेली. रेल्वे किती वेळानं आली ते मला सांगता येणार नाही. मला तर आम्ही रूळ ओलांडले आणि ती आली असंच वाटलं. जमीन पायाखाली थरथरली.

बारशाला गेलोच नाही, तिथूनच परतलो. आत्याबाई घरी पाणी प्यायल्या, आणि ह्यांना म्हणाल्या, "गाडी दुरुस्त कर. अन् दुरुस्त झाली का पहिले हिले सानगडीले नेऊन सोड. मले आता भेव वाटते."

बसनं का नाही, असं तुम्ही म्हणाल. सून ट्रंक घेऊन बसनं उतरली तर अख्ख्या गावाला कळतं. गाडीतून उतरली तर माहेरपणाला आली म्हणता येतं. एवढी माझी अब्रू त्यांनी जपली. हे काही बोलले नाहीत. ते कधीच काही बोलत नसत, आणि तेव्हा मला त्याचा जो राग आला होता तो पुरता गेलाय असं आजही म्हणवत नाही.

मी ट्रंक भरली. आता गाडी बंद राहिली तरी माझ्याच पायानं, आणि सुरू झाली तर माझी पाठवणी. सकाळी सेल्फ वाजला की कुठल्या आवाजाला घाबरायचं हेच मला कळेनासं झालं.

मामाजींनी चिखला गावाहून एक मिस्त्री बोलावला. खाणीवरचे ट्रक दुरुस्त करणारा, साठीचा माणूस, बोटं सगळी काळी. दुपारी आला. त्यानं गाडीला हातच लावला नाही आधी. बाजेवर बसला आणि विचारत सुटला.

"सकाळीच अडते का दिवसभर?"

"सकाळी जास्त," हे म्हणाले.

"गरम झाल्यावर?"

"थोडी सुधरते. पण स्लोले बंद पडतेच."

"अन् बिलकुल बरी चालते असा दिवस कोणता?"

"कधी कधी चालते. नेम नाही काही."

मी चहा घेऊन दाराआड उभी होते. नेम होता. तो मला माहीत होता, आत्याबाईंना माहीत होता. परक्या पुरुषासमोर ती गोष्ट तोंडातून काढायची म्हणजे काय, हे आजच्या पोरींना नाही कळायचं. पण मला वाटलं, नाही तरी जायचंच आहे. मग लपवून कुणाचं भलं?

"नेम आहे," मी म्हटलं.  "महिन्यातून चार दिवस मी हात लावत नाही. तेव्हा चालते. मी हात लावला का बंद पडते. माह्याच्यानंच होते ते."

हे मान खाली घालून बसले. आत्याबाईंनी ओठ आवळले. मिस्त्रीनं मात्र बशीतला चहा फुर्र करून संपवला आणि विचारलं, "पण वयनी, तुम्ही गाडीले हात लावता कायले?"

"पूजा करते. रोज."

"कुठं?"

मी बॉनेट उघडून दाखवलं. तीन महिन्यांचं कुंकू त्या टोपणावर थरावर थर बसलं होतं, एका दांड्यापासून दुसऱ्या दांड्यापर्यंत. मिस्त्रीनं नखानं तो थर जरासा खरवडून पाहिला. मग त्यानं मामाजींना विचारलं, "शेठजी, तुमचं गोदाम रिकामं आहे का?"

गाडी ढकलत रिकाम्या गोदामात नेली. त्यानं दार ओढून घेतलं, झरोक्यांना पोती लावायला सांगितली. भरदुपारी आत मिट्ट काळोख. आम्ही चौघंही आत होतो, कारण मिस्त्री म्हणाला, "सारेच्या सारे पाहा, मंग मले इचारू नका." हातातल्या बॅटरीच्या उजेडात त्यानं पेट्रोलच्या फडक्यानं ते टोपण घासून घासून पुसलं. कोरड्या फडक्यानं पुसलं. सेल्फ मारायला सांगितला.

एका दमात सुरू झाली. थडथड नाही, हिसका नाही. ह्यांनी पाय काढला तरी चालू. इतक्या शांत आवाजात चालत होती की मला वाटलं, झाली आता पाठवणी, आणि ट्रंकेच्या कुलपाची किल्ली कुठं ठेवली तेच आठवेना.

"बंद करा," मिस्त्री म्हणाला. "वयनी, आता पूजा करा. रोज करता तशी. पाणी, हळद, सारं."

मी तांब्या आणला. कुंकू टोपणावर कमी आणि इंजिनावर जास्त सांडलं. बॅटरी विझवली. ह्यांनी सेल्फ मारला. घर्र घर्र घर्र. आणि त्या काळोखात, मी बोटं लावली होती बरोबर तिथं, निळ्या बारीक रेघा एका दांड्यावरून दुसऱ्याकडे पळायला लागल्या. चट् चट् आवाज. मी किंचाळले. मला वाटलं, आता तर दिसलंच, माझ्या हातातलं जे काय वाईट आहे ते सगळ्यांना दिसलं.

"पाहिलं?" मिस्त्री म्हणाला. "करंट प्लगात जायाचा, तो ओल्या कुंकवातून पळून राहिला. वाळलं तरी थोडा थोडा पळतच राहते. प्लगले काही भेटूनच नाही राहिलं."

आत्याबाई काळोखातूनच बोलल्या. "म्हणजे तिच्याच हातानं झालं ना मंग?"

 मग मामाजींचा आवाज आला. घरातल्या वादात त्यांचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

"मिस्त्री, पुन्हा पुसा ते. आता ही लावते," म्हणाले, आणि आत्याबाईंना म्हणाले, "लाव. तुह्या हातानं."

"मी कायले?"

"लाव म्हणतो ना."

मिस्त्रीनं पुन्हा पुसलं, कोरडं केलं. गाडी सुरू झाली, बंद केली. आत्याबाई पुढे आल्या. तीस वर्षं त्या मिलच्या मशीनींना त्यांच्याच हातचं कुंकू लागत होतं आणि मशीनी चालत होत्या. त्यांनी पाणी शिंपडलं, हळद लावली, कुंकवाची बोटं ओढली. माझ्यापेक्षा नीट, एकसारखी. बॅटरी विझली. सेल्फ घरघरला. आणि निळ्या रेघा पळाल्या, अगदी तशाच, त्याच जागी. इंजिन उठलं नाही.

"बस," मामाजी म्हणाले. "उघडा दार."

उजेड आत आला तेव्हा आत्याबाई आपल्या बोटांकडे बघत उभ्या होत्या. मिस्त्री टोपण पुन्हा धुवत होता, ह्यांना सांगत होता की टोपणाला बारीक रेघ पडली आहे, नागपूरहून नवं आणा, आणि पूजा करायची तर बॉनेटवर करा, आतमध्ये नका करू. हे मान डोलवत होते. मी तिथून निघून आले. मला रडूही येत नव्हतं आणि बसवतही नव्हतं.

दिवे लागायच्या सुमाराला आत्याबाई माझ्या खोलीत आल्या. हातात काही नव्हतं. खाली बसल्या आणि माझी ट्रंक ओढली. मी मुकाट्यानं किल्ली दिली. त्यांनी एकेक लुगडं काढलं, झटकलं, दांडीवर टाकलं. पोलकी काढली. माझ्या आईनं दिलेला आरसा काढून कोनाड्यात ठेवला. माफी मागणं त्यांच्या पिढीतल्या सासवांना शिकवलेलंच नव्हतं, आणि मी काही त्याची वाटही पाहत नव्हते. ट्रंक रिकामी झाली तेव्हा त्या तिच्या तळाकडे बघत म्हणाल्या,

"मले खरंच वाटलं होतं वो, तुहाच पायगुण आहे म्हणून."

"मलेही, आत्याबाई," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा नीट पाहिलं असेल. मग माझा हात धरून जवळ बसवून घेतलं, आणि दुसऱ्या हातानं ती रिकामी ट्रंक खाटेखाली सारली.